शेवग्याच्या पाल्याची पावडर रोज घ्यावी का? सासूबाईंना शुगर आणि थायरॉईड, माझं हिमोग्लोबिन कमी

पावसाळी_ढग:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझं हिमोग्लोबिन ९.६ आलंय, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात पण त्याने मळमळतं आणि पोट साफ होत नाही म्हणून मधेमधे सुटतात. सासूबाई ६३ वर्षांच्या, शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत, सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी असते आणि गुडघे तर कायमच दुखतात. आता शेजारच्या काकूंनी सांगितलंय की शेवग्याच्या पाल्याची पावडर रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा कोमट पाण्यातून घ्या, शुगर गुडघे रक्त सगळं मार्गी लागतं. व्हॉट्सअॅपवर एक तक्ता पण फिरतोय, दुधाच्या १७ पट कॅल्शियम, पालकाच्या २५ पट लोह, ३०० रोगांवर इलाज वगैरे. सासूबाईंनी अर्ध्या किलोचा डबा मागवलासुद्धा आणि म्हणतायत महिनाभर घेते, फरक वाटला की शुगरची गोळी अर्धी करते. मला तेवढ्याचीच भीती वाटतेय. आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला शेवग्याचं मोठं झाड आहे, शेंगा सगळे नेतात, पाल्याला कोणी हात लावत नाही. तर पावडर घ्यावी की पाला खावा, किती खावा, कोणी खाऊ नये, आणि घरच्या जुन्या पद्धती काय आहेत ते जाणकारांनी सांगा प्लीज.

आंबोळी:

ताई झाड दारात असताना डबा कशाला? आमच्या सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्याच, पाल्याची भाजी, आंबोळ्यो आणि काळ्या वाटाण्याचा सांबारा हवाच, त्याशिवाय अष्टमी झाली असं वाटतच नाही. आणि वेळ पण बघा, पावसाळ्यात कोवळा पाला भरपूर असतो, तेव्हाच तो ताटात येतो.

भाजी अशी करा. कोवळ्या डहाळ्या घ्यायच्या, जून पाला कडू आणि चिवट लागतो. डहाळी उलटी धरून दोन बोटांच्या चिमटीतून खाली ओढली की पानं सटासट हातात येतात, पण बारीक देठ सोबत येतात ते नीट निवडा, ते शिजत नाहीत आणि घशात टोचतात, भाजी नावडती होते ती निम्मी या देठांमुळेच. पाला निवडायच्या आधी डहाळ्या पाण्यात बुडवून धुवून झटकून घ्या, नंतर धुतला तर पानं हाताला चिकटून बसतात. कांदा, हिरवी मिरची, लसूण तेलात परतायचा, भिजवलेली मूगडाळ किंवा चणाडाळ अर्धी शिजवून घालायची, मग पाला. झाकण ठेवायचं नाही, उघड्यावरच परतायची, नाहीतर रंग काळपट होतो आणि कडवटपणा पण आत राहतो. वरून भरपूर ओलं खोबरं. मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या ठेवलेल्या असतील तर त्या ठेचून घाला, जबरदस्त लागते. देशावर माझी जाऊबाई खोबऱ्याऐवजी शेंगदाण्याचं कूट घालते, तेही छान. फुलांची पण भाजी होते, कांद्यावर परतून अंडं फोडायचं वर.

आजी म्हणायची पावसात पोटात जंत होतात, अंग जड होतं, म्हणून हा पाला खायचा. आणि ज्यांना पित्ताचा त्रास त्यांना थोडीच वाढायची, उष्ण पडते म्हणून.

ताटवाटी:

मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हा तक्ता घेऊन कोणीतरी येतंच, त्यामुळे जरा आकड्यात सांगते, कंटाळू नका.

तो तक्ता तुलना करतो वाळलेल्या पावडरीची ओल्या दुधाशी आणि ओल्या पालकाशी. कुठलाही पाला वाळवला की पाणी उडून जातं आणि उरलेलं सगळं घट्ट होतं, मग १०० ग्रॅमला आकडा मोठा दिसणारच. वाळलेल्या पावडरीत १०० ग्रॅमला साधारण २००० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे बरोबर आहे, पण १०० ग्रॅम कोण खातं? एक चमचा म्हणजे अडीच-तीन ग्रॅम, त्यातून मिळतं ५०-६० मिलिग्रॅम. एका पेलाभर दुधात २४० च्या आसपास असतं. लोहाचं पण तसंच, चमच्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. शिवाय वाळवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं.

आता ओला पाला बघा. त्यात १०० ग्रॅमला ४ ते ५ मिलिग्रॅम लोह, कॅल्शियम ३०० च्या जवळपास, प्रथिनं ६ ग्रॅमच्या वर, क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं) भरपूर. माणशी दोन मुठी पाला, म्हणजे ५० ग्रॅम, एका वाटी भाजीत सहज जातो. म्हणजे एक वाटी भाजी दोन-तीन चमचे पावडरीच्या बरोबरीची, आणि सोबत तेल, डाळ, खोबरं. बीटा कॅरोटीन शरीरात जायला तेल लागतंच, ते कोमट पाण्यात मिळणार कुठून. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पाला मिळत असेल तर भाजीच खा, पावडर ही ज्यांना पाला मिळत नाही त्यांच्यासाठी.

आणखी एक, लोक शेंगा खाऊन समाधान मानतात. शेंगा चांगल्याच आहेत, क जीवनसत्त्व आणि चोथा भरपूर, पण लोह त्यात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमसुद्धा नाही आणि कॅल्शियम पाल्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. रक्तासाठी पाला, शेंग नाही.

तुमच्यासाठी: ९.६ हे फक्त भाजीने भरून निघणार नाही. बारा हवं, तुम्ही बऱ्याच खाली आहात. गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना मळमळीचं सांगा, ते गोळीचा प्रकार बदलतात, जेवणानंतर किंवा दिवसाआड घ्यायला सांगतात, बऱ्याच जणींना त्याने जमतं. आणि हिमोग्लोबिन कमी का झालं ते पण विचारा, पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का, बी१२ कमी आहे का. नुसतं खाणं वाढवून कारण तसंच राहिलं तर सहा महिन्यांनी परत तिथेच. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, तो लोह अडवतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता, म्हणजे हा घराघरातला प्रश्न आहे, तुमच्या एकटीचा नाही.

सासूबाईंचं वेगळं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी असते, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायला सांगतात कारण त्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात. पावडरीत दोन्ही आहे आणि चोथाही आहे. काकूंनी सांगितलेली वेळ नेमकी गोळीच्या वेळेवरच येतेय! घ्यायचीच असेल तर दुपारच्या जेवणात, आमटीत किंवा पिठात. शुगरची गोळी मात्र स्वतःच्या मनाने अर्धी करायची नाही म्हणजे नाही. शेवग्याचा शुगरवर परिणाम बघणारे माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. थायलंडमधल्या एका अभ्यासात, २०१७ साली छापून आलाय, औषध सुरू न केलेल्या मधुमेहींना चार आठवडे दिवसाला ८ ग्रॅम पाल्याच्या कॅप्सूल दिल्या तरी शुगरमध्ये फरक पडला नाही. उंदरांवरचे निकाल चांगले आहेत, पण घरी गोळी कमी करायला ते पुरत नाहीत.

रानवाट:

ताटवाटी तुमचं सगळं बरोबर असेल पण सगळंच मिलिग्रॅममध्ये मोजायचं का? आमच्या आईच्या गुडघ्याला सूज आली की ती शेवग्याचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक घ्यायची, वर एरंडाचं तेल. बरं वाटायचं तिला. आमच्या गावात गळू झालं की शेवग्याच्या पाल्याचं पोटीस लावतात, पिकून फुटतं. आपल्या लोकांनी शेकडो वर्षं वापरलंय ते काय उगाच? पावसावर उगवणारं झाड, कुणाकडे मागायला जावं लागत नाही, गरिबाचं औषध आहे ते. दवाखाना वीस किलोमीटरवर असायचा तेव्हा हेच होतं. डॉक्टरांच्या गोळ्या घ्या पण ह्याला पण नावं ठेवू नका.

औषधीबाग:

रानवाट दादा, तुमची आई चुकीचं करत नव्हती. मी वैद्य आहे, आयुर्वेदातला शिग्रू म्हणजेच हा. चरकसंहितेत तो कृमिघ्न (जंत मारणारा), स्वेदोपग (घाम आणायला मदत करणारा) आणि शिरोविरेचनोपग (नाकावाटे डोक्यातला कफ काढायला मदत करणारा) या गटांत येतो, सुश्रुतांनी वरुणादि गणात, म्हणजे वरुण वगैरे औषधी झाडांच्या गटात, घेतलाय आणि विद्रधी म्हणजे आतबाहेरच्या गळवांवर, सुजेवर, वाढलेल्या मेदावर त्याचा उपयोग सांगितलाय. त्यामुळे पोटीस, शेक, जंतांसाठी पावसात खाणं हे सगळं ग्रंथातल्या वापराशी जुळतं. आंबोळीताईंच्या आजींचं पण.

पण त्याच ग्रंथांत दुसरी बाजू आहे ती कोणी फॉरवर्ड करत नाही. शिग्रू उष्ण, तीक्ष्ण आहे, कफ-वात कमी करतो आणि पित्त वाढवतो. भावप्रकाशात तो डोळ्यांना हितकर म्हटलाय आणि लगेच पित्त व रक्त बिघडवणारा असंही म्हटलंय. म्हणून ज्याला आम्लपित्त, तोंड येणं, मूळव्याधीत रक्त जाणं, नाकातून रक्त, पाळीत अति रक्तस्राव असं काही आहे त्याने रोजच्या रोज, उपाशीपोटी, उन्हाळ्यात तर अजिबात घेऊ नये. पावसाळीताई, तुमची पाळी जास्त जात असेल तर रोजची पावडर तुमच्यासाठी नाही, आठवड्यातून दोनदा भाजी पुरे, सोबत ताक ठेवा.

सासूबाईंच्या गुडघ्याला पाल्याचा शेक द्यायला हरकत नाही, पाला वाफवून फडक्यात बांधायचा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. शुगर जुनी असेल तर पायाची संवेदना कमी असते, गरम किती आहे ते त्यांना कळणार नाही आणि भाजेल, म्हणून हे नक्की तपासा. वाटलेला लेप रात्रभर बांधून ठेवू नका, अर्ध्या तासात धुवा, तीक्ष्ण असल्याने कातडी लाल होते. सालीचा आणि मुळाचा लेप तर घरी करूच नका, फोड येतात.

मूळ आणि साल हा वेगळाच विषय आहे. मुळाचा वास मुळ्यासारखा झणझणीत, इंग्रज लोक इथे असताना त्याची चटणी करून खायचे. पण मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉईड असतात आणि गर्भाशय आकुंचन पावू शकतं, पूर्वी गर्भपातासाठी वापर व्हायचा तो याचमुळे. कुणी काढा करून प्या म्हटलं तर सरळ नाही म्हणा. गरोदर बाईने पाल्याची भाजी अधूनमधून जेवणात खाल्ली तर आपल्याकडे चालतच आलंय, पण मूळ, साल, बिया, कॅप्सूल, अर्क यातलं काही नाही. डोळ्यात पाल्याचा रस टाकायची जुनी पद्धत पण आता करू नका, जंतुसंसर्ग होऊन डोळा जाऊ शकतो. डोळ्यांसाठी खायचा, घालायचा नाही.

दीपमाळ:

रक्त पातळ व्हायच्या गोळ्या ज्यांना आहेत त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. बाबांची झडप बदललीय, वॉर्फरिन चालू असतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) नेहमी ठरलेल्या मर्यादेत असायचं. एका नातेवाइकांनी प्रेमाने शेवग्याची पावडर पाठवली, बाबा रोज सकाळी दोन चमचे घ्यायला लागले, पुढच्या तपासणीला आयएनआर एकदम खाली. डॉक्टरांनी खाण्यात काय नवीन आहे म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हा पावडरीचं निघालं. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व खूप असतं आणि ते या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. झडपेवर गुठळी झाली असती तर काय झालं असतं ह्या विचाराने घरच्यांची झोप उडाली होती. डब्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. आता बाबा पालेभाजी खातात पण दर आठवड्याला साधारण तेवढीच, एकदम वाढवत नाहीत, एकदम बंदही करत नाहीत.

काळी_माती:

सोलापूरकडं आमचा शेवगा आहे, पीकेएम-१, तमिळनाडूच्या पेरियाकुलमचं वाण. कोकणात दापोली विद्यापीठाचं कोकण रुचिरा पण लावतात. मी औषधाचं सांगणार नाही, झाडाचं सांगतो.

एक म्हणजे पाला कुठला खाता ते बघा. शेंगेसाठी लावलेल्या बागेत फुलगळीला, शेंगमाशीला, अळीला फवारण्या होतात. शेंगेची साल आपण चोखून टाकतो पण पाला अख्खा पोटात जातो. म्हणून बागेतला छाटणीचा पाला स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आम्ही स्वतः घरी खायला बांधावरच्या बिनफवारणीच्या दोन झाडांचा घेतो. त्या डब्यातली पावडर कुठल्या पाल्याची आहे हे पण विचारायला पाहिजे. सोसायटीचं झाड असेल तर पेस्ट कंट्रोलवाले त्याच्यावर काही मारतात का ते विचारून घ्या, आणि रस्त्याच्या कडेचं असेल तर धूळ-धूर भरपूर, दोनतीन पाण्यातून काढा.

दुसरं, पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजकेच्या पुंजके बसतात, खोडासारखाच रंग, दिसत नाहीत. हात लागला की खाजून खाजून चट्टे. पोरांना झाडावर चढवू नका, फांद्या पण लई ठिसूळ, धष्टपुष्ट दिसणारी फांदी कडकन मोडते. आकडीने काढा.

तिसरं, दरवर्षी शेंगा संपल्या की पावसाच्या तोंडावर झाड कमरेएवढं छाटा. उंच वाढू दिलं तर पाला वर आणि तुम्ही खाली. छाटलं की चारीकडनं फुटवे येतात, महिना-दीड महिन्यात हाताला येईल असा कोवळा पाला, तो खुडत राहिलात की अजून फुटतो. छाटलेल्या जागी पाणी साचून खोड सडतं म्हणून काप तिरका द्यायचा आणि वर शेण लावायचं.

बियांचं पण सांगतो. पूर्ण वाळलेल्या शेंगेतली बी सोलली की आत पांढरा गर असतो. सुदानमध्ये बायका तो कुटून नाईलच्या गढूळ पाण्यात घालायच्या, लिटरला एकदोन बिया, ढवळून तासदोन तास ठेवलं की गाळ खाली बसतो. बियांतल्या प्रथिनाला मातीचे कण चिकटतात म्हणून. आमच्याकडं टँकरच्या पाण्याला करून बघितलंय, पाणी नितळ होतं. पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, वरचं पाणी काढून उकळायचंच.

पावसाळी_ढग:

बापरे, एवढं कोणी मनापासून लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप खूप आभार. ताटवाटीताईंचा आणि दीपमाळ यांचा मेसेज सासूबाईंना वाचून दाखवला. गोळी अर्धी करायचं त्यांनी डोक्यातून काढलं, थायरॉईडच्या गोळीच्या वेळेचं तर त्यांनाही पटलं. पण डबा आलाय तर वाया कसा घालवायचा हा आता त्यांचा प्रश्न आहे, आणि तो पाला आहे तरी का हे कसं ओळखायचं? आणि हो, माझी नणंद बाळंत झालीय, दूध कमी येतंय म्हणून तिला शेवगा देऊ का असं पण विचारतायत.

ताटवाटी:

बाळंतिणीला पाल्याची भाजी, मुगाच्या आमटीत पाला, हे द्यायला हरकत नाही. फिलिपिन्समध्ये तर बाळंतिणीला चिकनच्या रश्श्यात शेवग्याचा पाला घालून देतात, आणि दूध वाढतं का यावर तिकडे छोटे अभ्यास पण झालेत, कल चांगला दिसतो. पण दूध वाढायचं खरं कारण बाळ वारंवार आणि नीट पकडून पिणं हेच. बाळाचं वजन वाढत नसेल, दिवसाला शू कमी होत असेल तर शेवग्यावर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, छातीला लावण्याची पद्धत तपासून घ्या. नणंदेचं पोट नाजूक असेल तर आधी अर्धी वाटीच द्या, जास्त पाल्याने ढाळ होतात.

डबा उघडून बघा, चांगल्या पावडरीचा रंग हिरवा असतो, वास ताज्या वाळलेल्या पाल्याचा, थोडा मेथीसारखा. पिवळट तपकिरी असेल, कुबट वास येत असेल तर ती उन्हात वाळवलेली किंवा जुनी, ती कुंडीत घाला. चांगली असेल तर सासूबाईंना दुपारी एक चमचा थालीपिठाच्या भाजणीत किंवा वरणात, सुरुवात अर्ध्या चमच्याने. एखादी शुगरची गोळी अशी असते की जेवण चुकलं तर शुगर फार खाली जाते, म्हणून पहिले काही दिवस मशीनवर शुगर बघत राहा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला की हे सुरू केलंय. मूत्रपिंडाचे रिपोर्ट बिघडलेले असतील तर पोटॅशियममुळे आधी विचारल्याशिवाय नको.

आंबोळी:

घरी पावडर करायची असेल तर सोप्पं आहे. धुतलेल्या डहाळ्यांच्या जुड्या बांधून पंख्याखाली सावलीत उलट्या टांगा, ऊन नको. पानं बोटात चुरली की कुर्रकन मोडली पाहिजेत, वाकली तर अजून ओल आहे, तशीच भरली तर बुरशी येते. मग झटकून देठ काढा, मिक्सरला फिरवा, चाळा, आणि काचेच्या बरणीत काळोखात ठेवा. थोडी थोडीच करा, दोन महिन्यांत संपेल एवढी. लसणीच्या सुक्या चटणीत घालून भाकरीबरोबर द्या सासूबाईंना, औषध खातोय असं वाटणारच नाही.

पावसाळी_ढग:

डबा उघडला, रंग चक्क खाकी आहे आणि वास धुळीचा. कुंडीत गेला. काळी_माती दादा, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, झाडावर फवारणी होत नाही म्हणाले, आणि माळीदादा रविवारी वरच्या फांद्या छाटणार आहेत. छाटलेल्या डहाळ्या तेव्हाच मागून घेतल्यात. एक विचारायचं राहिलं, जून पाला असेल त्याचं काय करायचं, भाजीला चिवट लागेल ना?

काळी_माती:

जून पाला वाळवायला घ्या, पावडरीला चालतो. खूपच जून, पिवळा पडलेला असेल तर शेळीवाल्याला द्या, शेळ्या आवडीनं खातात. आणि मनगटाएवढ्या जाडीच्या दोनतीन सरळ फांद्या तीन-चार फुटांच्या तोडून ठेवा, पहिला पाऊस झाला की कुंपणाला फूटभर खोल पुरा. पाणी साचणारी जागा तेवढी टाळा, मूळ कुजतं.